होडीचा वाटा

पनवेलच्या मुलींच्या शाळेत मी चौथीच्या वर्गावर होते, तेव्हा माझ्या टेबलावर छडीच्या शेजारी पत्र्याचा एक डबा असायचा. डबा बिस्किटांचा, पण आत चिंचोके भरलेले. हेडमास्तर व्हरांड्यातून जाताना दारात थांबायचे आणि विचारायचे, "काय बाई, शाळा चाललीय की भातुकली?" मी चिंचोके मोजत राहत असे. माझ्या नाकावर राग असतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते मुद्दाम विचारतात हे मलाही ठाऊक होतं.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मी नुकतंच ट्रेनिंग संपवून आले होते आणि तिथून एक गोष्ट मनात घट्ट धरून आले होते, की मुलाच्या हाताला कळल्याशिवाय डोक्याला कळत नाही. आमच्या मुली पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे पाव-अर्ध्याचे पाढे असे घडाघडा म्हणायच्या की रस्त्यावरचा माणूस थांबून ऐकेल. पण मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "अर्धं मोठं की पाऊण मोठं?" तर निम्म्या वर्गानं अर्ध्यासाठी हात वर केला. उरलेल्यांनी शेजारणीकडं पाहून केला. त्या दिवशी घरी जाताना मी इतकी चिडले होते की वाटेत एका ओळखीच्या बाईंनी हाक मारली तीही मला ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी डब्यात तांदळाची भाकरी घेऊन गेले. हिचे दोन भाग करा, मग चार करा, असं माझ्या मनात होतं. पण तांदळाची भाकरी सकाळची दुपारी कडक होते आणि आपल्या मर्जीनं मोडते. चार पाव झाले ते चार वेगवेगळ्या मापांचे. वर मागच्या बाकांवरच्या मुलींचं लक्ष पाव-अर्ध्याकडं नव्हतं, भाकरीकडं होतं. सकाळपासून काही न खाल्लेल्या पोरींपुढं अन्न धरून गणित शिकवू नये, एवढं मी त्या तासाला शिकले. तुकडे मुलींनी खाल्ले आणि मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले.

मग कोळीवाड्यातल्या मुलींनी खाडीचा चिखल आणला. त्याच्या थापट्या केल्या आणि दोऱ्यानं कापल्या. ते छान जमलं. दोऱ्यानं कापलेली थापटी सरळ कापली जाते, पाव तुकड्यावर पाव तुकडा ठेवला की सारखा बसतो, दोन पाव जोडले की अर्धं होतं. मुलींचे डोळे उजळले. पण चिखल वाळला, त्याला भेगा गेल्या, जमीन खराब झाली आणि हेडमास्तरांची भुवई वर गेली. शेवटी मी चिंचोक्यांवर आले. चिंचेची झाडं भरपूर, चिंचोका वाळत नाही, तडकत नाही, आणि कुणाला भूकही लावत नाही.

आता एका मुलीबद्दल सांगते. ती कोळीवाड्यातली. मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची. वाचन चांगलं, अक्षर मोत्यासारखं नसलं तरी नीट, पाढे तोंडपाठ. फक्त भागाची गणितं आली की पाटीवर उत्तर चूक. कधीतरी चूक नव्हे, दरवेळी. चार मुलांत वीस बोरं सारखी वाटली तर प्रत्येकाला किती? तिचं उत्तर चार. तीन बहिणींत एक भाकरी सारखी वाटली तर एकीला किती? तिचं उत्तर पाव. हेडमास्तरांनी एकदा तिची पाटी पाहिली आणि म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी, बाई. हिच्यामागं जीव काढू नका."

मला ते झोंबलं. कारण ती पोर मठ्ठ नव्हती. मठ्ठ मूल दरवेळी वेगळं चुकतं. ही दरवेळी एकाच मापानं चुकत होती, आणि ते का, हे पाटीवरून कळत नव्हतं.

चिंचोके आले तेव्हा ते दिसलं. मी तिच्यापुढं वीस चिंचोके ओतले आणि म्हटलं, "चौघांत सारखे वाट." तिचे हात भराभर चालले. एक इथं, एक तिथं, असे चार ठिकाणी पडले आणि मग पाचवा चिंचोका तिनं जरा लांब, आपल्या गुडघ्याशी ठेवला. पुन्हा चार, पुन्हा पाचवा गुडघ्याशी. अशा रीतीनं संपवले. चार ढीग समोर आणि एक ढीग बाजूला.

"हा कुणाचा?" मी त्या पाचव्या ढिगावर बोट ठेवलं.

"होडीचा," ती म्हणाली.

पुढच्या बाकांवर बाजारपेठेतल्या मुली बसत, त्या फिदीफिदी हसल्या. कोळीवाड्यातली एकही मुलगी हसली नाही. त्यांतल्या एकीनं उलट मलाच समजावलं, "बाई, होडीवर चार मानसं जातात ना, मंग वाटं पाच पडतात. होडीचा एक वाटा काढल्याबिगर कुनी मासली उचलत नाय."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. बंदरावर मासळीचे वाटे पडताना मी पाहिले होते. होडी झिजते, तिला डांबर लागतं, फळ्या बदलाव्या लागतात, म्हणून तिचाही वाटा माणसाइतकाच, आणि तो होडी ज्याची त्याच्या घरी जातो. पण बंदरावरची ती रीत माझ्या वर्गात येऊन गणित चुकवत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "हे बघ, या गणितात बोरं आहेत. बोरांना होडी लागत नाही."

"मंग ती आनली कशात?"

"परकरात आणली."

तिनं थोडा विचार केला. "तर मंग परकराचा वाटा," ती म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती. मी तिच्याशी पुढं वाद घातला नाही. 

त्या आठवड्यात मी बाजारात मासळी घ्यायला गेले, ते मुद्दाम तिच्या आईकडं. आई टोपलीमागं बसली होती, कोयत्यानं मासळी साफ करत. मी कोण हे सांगितल्यावर तिनं हात पुसले आणि बसायला पाट पुढं केला. मी म्हटलं, "तुमची मुलगी हुशार आहे. एका ठिकाणी अडते." आणि होडीच्या वाट्याचं सांगितलं. आई हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

"बाई, हिचा बापूस तापात गेला, तवा मागं एक होडी ऱ्हायली," ती म्हणाली. "माझा दीर आन त्याचं तीन जोडीदार ती चालवतात. त्यांचं चार वाटं त्यांच्या घरला, होडीचा वाटा आमच्या घरला. तो येतो म्हनून मी एकटी टोपली उचलते आन ही शालंत बसते. नायतर हिलापन टोपली घ्यावी लागंल." मग तिनं कोयता उचलला आणि खाली बघतच पुढचं सांगितलं. "चौथी पास झाली तर सातवीपत्तर बसवीन, आसं मी हिला बोललेय. नापास झाली तर माझ्यासंगं. दोनदा चौथीत बसवायला आमाला जमायचं नाय."

मी मासळी घेऊन निघाले. मला फार वाईट वाटत होतं. मी रोज जो ढीग मोडायला सांगत होते, त्याच ढिगावर त्या पोरीचं घर जेवत होतं. बापाच्या जागी तिला तेवढंच उरलं होतं, आणि ते ती रोज न चुकता बाजूला काढून ठेवत होती.

पण चौथीच्या परीक्षेला तपासनीस साहेब यायचे, आणि साहेबांना हे कोण सांगणार? परीक्षेत वीस भागिले चार म्हणजे पाचच. तिला पास व्हायचं तर होडी किनाऱ्यावर ठेवून गणितात यायला हवं होतं. ते तिला कसं सांगावं, यावर मी पुष्कळ विचार केला. "चूक" हा शब्द वापरायचा नाही एवढं ठरवलं.

मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, "तू वाटे बरोबर टाकतेस. पाचात वीस वाटले तर चारच येतात. तुझा भागाकार कधीच चुकलेला नाही. फक्त गणित सुरू करायच्या आधी विचारायचं, वाटेकरी किती? गणितानं ज्यांना बोलावलंय तेवढेच घ्यायचे. होडीला बोलावलं असेल तर होडी. नसेल बोलावलं, तर ती खुंट्याला बांधलेली आहे, सुखरूप आहे, असं समजायचं."

"बांधलेली हाय," ती म्हणाली, जणू मी खरंच तिच्या होडीचं बोलत होते. आणि मान हलवली.

तेव्हापासून तिची उत्तरं बरोबर यायला लागली. पण हात ऐकत नसत. वीस चिंचोके चौघांत वाटताना पाचवा अजूनही गुडघ्याशी जायचा. सगळे संपले की ती त्या बाजूच्या ढिगाकडं बघायची, आणि मग त्यातले चार चिंचोके चार ढिगांवर एकेक करून परत ठेवायची. चाराचे पाच व्हायचे. उत्तर बरोबर, पण दुप्पट वेळ. मी घाई केली नाही. हेडमास्तर एकदा दारात उभं राहून हे सगळं पाहत होते. नेहमीचं वाक्य त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही. "परीक्षेला एवढा वेळ मिळेल का हो हिला?" एवढंच विचारलं. तीच काळजी मलाही होती.

परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर आली. तपासनीस साहेब डोक्यावर टोपी, हातात छत्री असे आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना संध्याकाळच्या आत उरणच्या बाजूच्या आणखी एका शाळेत पोचायचं होतं. लेखी झालं, तोंडी सुरू झालं. माझा डबा त्यांना दिसला. "हे काय?" म्हणाले. मी सांगितलं. त्यांना गंमत वाटली. एकेका मुलीला पुढं बोलावून ते चिंचोके वाटायला लावू लागले. मग तिची पाळी आली. मी मनात म्हणत होते, साहेब, हिला जरा वेळ द्या, ती बाजूला काढेल, पण परत ठेवेल.

साहेबांनी वीस चिंचोके मोजून दिले. "चौघांत वाट."

ती खाली बसली. एक, एक, एक, एक. पुन्हा पहिल्या ढिगापाशी. हात एकदाही गुडघ्याकडं गेला नाही. पाच, पाच, पाच, पाच. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "पाच पाच. एकाला पाव हिस्सा."

"शाबास!" हा शब्द साहेबांच्या आधी माझ्या तोंडून गेला. मला इतका आनंद झाला होता की मी चक्क टाळी वाजवली. मागच्या बाकांवरच्या कोळीवाड्यातल्या मुली मात्र खाली माना घालून बसल्या होत्या. ते मला दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

साहेब गेल्यावर मुली घरी निघाल्या. ती चिंचोके डब्यात भरायला थांबली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "आज होडीची आठवण झाली नाही वाटतं?"

"होडी फुटली, बाई," ती म्हणाली. "उरनच्या करंज्याकडं गेलेली. पहाटंचं धुकं होतं, खडकावर बसली. मानसं वाचली. होडीचं बूड गेलं." तिनं शेवटचा चिंचोका डब्यात टाकला आणि झाकण दाबून बसवलं. "आता चारच वाटं."

माझा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला.  मघाशी मी टाळी वाजवली होती ती यावर.

निकाल लागला, ती पास झाली. मी निकाल सांगायला स्वतः कोळीवाड्यात गेले. आईनं मला चहा दिला. दाराबाहेर होडीच्या काही फळ्या रचून ठेवल्या होत्या, सरपणाला. मी म्हटलं, "ती पास झालीय. तुम्ही म्हणाला होतात."

"म्हनले होते, बाई," आई म्हणाली. तिच्या आवाजात माझ्याविषयी राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त कठीण झालं. "होडी होती तवा म्हनले होते." मुलगी आतल्या दारात उभी होती. तिच्यासाठी एक लहान टोपली आणलेली होती. नवी, अजून मासळीचा वास न लागलेली.

मी कप खाली ठेवला आणि उठले. शाळेतली एक पगारदार बाई त्या घराला काय सांगणार होती? परत येताना मी रडले, आणि रस्त्यातच रडले.

जूनमध्ये शाळा उघडली. माझ्याकडं चौथीचा नवा वर्ग आला. पाचवीच्या वर्गात मी रोज जाता जाता डोकावायचे. ती नव्हती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात, घरोघरी सुकटीवर दिवस काढतात, तेव्हा ती येणार नाही हे मला कळत होतं, तरी डोकावायची सवय गेली नाही. बाजारात ती एकदा-दोनदा दिसली, आईशेजारी, लहान टोपली पुढ्यात घेऊन. मला पाहून ओळखीचं हसली. मी तिच्याकडून सुकट घेतली आणि पाढेबिढे काही विचारले नाहीत.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. त्यानंतर थोड्या दिवसांनी, मी नव्या मुलींना पावकी शिकवत असताना, ती वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले, हातात जुनी पाटी.

"बाई, चिंचोकं देता? वीस."

मी डबा पुढं केला. नव्या मुली माना वर करून बघू लागल्या. ती टेबलापाशी आली आणि आधी मला समजावून सांगू लागली, जशी मी पूर्वी तिला सांगायची. "काका आन त्याचं जोडीदार आता दुसऱ्याच्या होडीवर जातात. त्या होडीचा वाटा पयलाच काढलाय. तो त्या मालकाचा, त्याला आपन हात नाय लावायचा. ह्ये ऱ्हायले ते चौघांचे." आणि तिनं वीस चिंचोक्यांचे चार ढीग केले. पाच, पाच, पाच, पाच. हात सरळ चालला, कुठं वळला नाही.

मग तिनं पहिल्या ढिगातला एक चिंचोका उचलून बाजूला ठेवला. दुसऱ्यातला एक. तिसऱ्यातला एक. चौथ्यातला एक. बाजूला चार चिंचोक्यांचा ढीग झाला.

"ह्यो आमचा," ती म्हणाली. "काका म्हनला, होडी आमच्या हातनं फुटली. पोरीचा वाटा कशाला फोडायचा? चौघं देनार. सातवीपत्तर."

  मी तिची बाई होते, आणि तिनं गणित आणलं होतं, म्हणून मी विचारलं, "प्रत्येकानं आपल्यातला कितवा हिस्सा दिला?"

तिनं ढिगांकडं पाहिलं. "पाचवा," ती म्हणाली.

व्हरांड्यात हेडमास्तर थांबले होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते आत आले, चारही ढिगांकडं आणि बाजूच्या ढिगाकडं पाहिलं, आणि तिला म्हणाले, "चल, पाचवीचा वर्ग तिकडं." ती पाटी घेऊन त्यांच्यामागून गेली.

होडीवरच्या त्या चौघांच्याही घरी पोरं होती, हे मला ठाऊक होतं. त्यांतली दोन माझ्याच समोर बसली होती, आणि टेबलावरच्या ढिगांकडं एकटक बघत होती. मी पावकी पुढं चालू केली. पण चिंचोके डब्यात भरले नाहीत. तास संपेपर्यंत ते पाचही ढीग मी तसेच टेबलावर राहू दिले.